मग हे शूटिंग केलं कुणी?

रात्रीच्या लाइटीची पाळी होती. आमच्याकडं, वडगाव निंबाळकरच्या शिवारात, शेतीची वीज कधी दिवसा येते, कधी रात्री. आणि रात्रीची आली की ज्याचा ऊस त्याला जागावंच लागतं. मोटर चालू करायची, दारं मोडायचं आणि सरी भरेपर्यंत बसून राहायचं. हा बसायचा वेळ पूर्वी बिडी आणि गप्पांत जायचा, आता मोबाईलवर जातो. त्या रात्री विहिरीवरच्या खोलीपुढं आम्ही तिघं होतो: मी, चुलते तात्या आणि बारामतीला कॉलेजात जाणारा पुतण्या. पुतण्यानं फोन घमेल्याला टेकवून उभा केला होता आणि त्यावर एक इंग्रजी पिक्चर लावला होता. 'क्रीप' नावाचा, २०१४ चा. संवाद आम्हा दोघांना निम्मेच कळत होते, उरलेले पुतण्या सांगत होता.

गोष्ट लहानशी. एक व्हिडिओवाला जाहिरात वाचून डोंगरातल्या आडबाजूच्या घरी जातो. घरात एकटा माणूस. तो म्हणतो, मी दुखण्यानं मरणार आहे, अजून न जन्मलेल्या पोरासाठी माझं शूटिंग करून ठेव. माणूस जरा विचित्रच. त्याच्या वागण्याचं आधी हसू येतं, नंतर येईनासं होतं. आपण बघतो ते सगळं त्या व्हिडिओवाल्याच्या कॅमेऱ्यातून. शेवटाकडं तो तळ्याकाठी बाकावर पाठमोरा बसलाय, कॅमेरा गाडीत चालूच आहे, आणि मागून तो माणूस लांडग्याचा मुखवटा चढवून, कुऱ्हाड घेऊन येतो.

नेमकी इथं सरी भरली. पुतण्यानं पिक्चर थांबवला, तात्यांनी खोरं खांद्यावर टाकलं आणि चालता चालता विचारलं, "त्यो मेला ना आता? मग हे शूटिंग तुझ्यापतुर आणलं कुणी?"

"तात्या, याला फाउंड फुटेज म्हणतात. शूटिंग नंतर सापडतं."

"सापडतं म्हंजे कुणाला?"

पुतण्या गप्प बसला. मला मात्र त्या प्रश्नानं पुढचे कित्येक दिवस सोडलं नाही. भयपट बघून आलेल्या माणसाला आपण विचारतो, भ्या वाटलं का? तात्यांनी भीतीची गोष्टच काढली नव्हती. त्यांना साक्षीदार हवा होता. मेलेल्याची गोष्ट सांगतो कोण, हा प्रश्न कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीचा आहे, आणि त्याचा माग काढत गेलं की आपल्याच अंगणात बरंच काही सापडतं.

आमच्या आजीची भुताची गोष्ट कधी 'एक होता माणूस' अशी सुरू व्हायची नाही. ती सुरू व्हायची नात्यापासून. तिच्या मावसभावाच्या मेव्हण्यानं ओढ्याच्या कडेला मुंजा बघितला होता, नुसत्या कुणीतरी नव्हे. ऐकणारेही कच्चे नव्हते. कोणतं साल, अमावास्या होती का, एकटाच होता का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घेतली होती का? एवढी उलटतपासणी झाल्यावरच गोष्टीला पुढं जाऊ द्यायचे. ज्या गोष्टीत बघणारा जिवंत परत आलेला नसे, तिथं मात्र आजी वस्तू पुढं करायची. कालव्याच्या भरावावर एकच चप्पल सापडली. बैलगाडी घरी आली, गाडीवान आला नाही. कंदील तसाच जळत होता. चप्पल, गाडी आणि कंदील मिळून ऐकणाऱ्याच्या डोक्यात मधला भाग आपोआप उभा राहायचा. नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरची ती चप्पल माझ्या मते आमच्या भागातलं पहिलं फाउंड फुटेज.

त्याच्याही मागं जायचं तर पैठणला जावं लागतं. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त, म्हणजे अकराव्या शतकातल्या ग्रंथात, गुणाढ्याची गोष्ट आहे. गुणाढ्य हा प्रतिष्ठानच्या, आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाचा मंत्री. राजाला संस्कृत नीट येत नव्हतं, त्यावरून राणीपुढं त्याची फजिती झाली. गुणाढ्य म्हणाला, मी सहा वर्षांत व्याकरण शिकवतो. दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत. गुणाढ्यानं पैज लावली: तसं झालं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्म्यानं करून दाखवलं. गुणाढ्य भाषा हरला. बोलायलाच काही उरलं नाही म्हणून तो मौन धरून विंध्याच्या रानात निघून गेला.

तिथं त्यानं पिशाचांची भाषा शिकली, पैशाची. पैजेत तेवढी एक राहून गेली होती. काणभूती नावाच्या पिशाचाकडून त्यानं एक प्रचंड कथा ऐकली आणि सात वर्षं बसून सात लाख श्लोकांत लिहून काढली. रानात शाई कुठली मिळणार? ती त्यानं स्वतःच्या रक्तानं लिहिली. मग दोन शिष्यांबरोबर बाड राजाकडं पाठवलं. राजानं बघितलं, भाषा भुताची आणि अक्षरं रक्ताची. त्यानं ते परत पाठवून दिलं.

कुणी म्हणेल ही कथा भारतीय साहित्याच्या थोरवीची आहे. असेलही. मी ती वाचतो ते भयकथेच्या पहिल्या प्रेक्षकाची नोंद म्हणून. माणसांपासून तुटलेला एक कलावंत, रानातून आलेलं रक्ताचं बाड आणि ते उघडून किळस येणारा पहिला वाचक. त्यानं मजकुराबद्दल मत दिलंच नाही. ज्या वस्तूवर तो लिहिला होता तिलाच तो बिचकला.

पुढचा भाग तर याहून भारी. गुणाढ्यानं टेकडीवर अग्नी पेटवला आणि एकेक पान मोठ्यानं वाचून आगीत टाकायला लागला. ऐकायला रानातली जनावरं जमली. ती चरायची विसरली, डोळ्यांतून पाणी काढत नुसती उभी. इकडं राजाच्या ताटात वाळकं, रसकस नसलेलं मांस यायला लागलं आणि राजा आजारी पडला. चौकशी झाली. स्वयंपाक्यांनी व्याधांवर ढकललं, व्याध म्हणाले, रानात एक माणूस पानं जाळतोय आणि जनावरं खायची थांबलीत. राजा धावला. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते, एक लाख उरले. त्या कथेचं, म्हणजे बृहत्कथेचं, मूळ आज कुणाकडंच नाही, आहेत ती दुसऱ्यांनी सांगितलेली रूपं. साक्षीदार होते ते हरणं आणि डुकरं. राजाला पटलं तेसुद्धा कथा ऐकून पटलेलं नाही, ताटात पुरावा आला म्हणून पटलं.

याच कथासरित्सागरात वेताळ आहे. एकोणिसाव्या शतकात सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी 'वेताळपंचविशी' मराठीत आणली आणि शाळेतल्या पोरांपर्यंत राजाच्या खांद्यावरचं प्रेत गोष्टी सांगायला लागलं. मेलेल्याची गोष्ट कोण सांगतो, याला आपल्या पूर्वजांनी दिलेलं हे सरळ उत्तर: मेलेलाच सांगतो. तात्यांना ते चाललं असतं की नाही, सांगता येत नाही.

साहेबाच्या देशात हा डाव कागदावर आला. १७६४ च्या अखेरीस लंडनमध्ये होरेस वॉलपोलनं 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' छापली, पण स्वतःचं नाव न घालता. प्रस्तावनेत थाप मारली की हे पुस्तक उत्तर इंग्लंडातल्या एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथसंग्रहात सापडलं, १५२९ साली नेपल्सला छापलेलं, आम्ही फक्त भाषांतर केलं. पुस्तक खपलं. दुसऱ्या आवृत्तीत वॉलपोलनं कबुली दिली की लेखक मीच. झालं. ज्या समीक्षकानं जुन्या काळचं म्हणून भूतप्रेत पोटात घातलं होतं, तोच आता आजच्या शहाण्या माणसानं असलं काही लिहावं म्हणून चिडला. पुस्तकातली गोष्ट तीच होती. बदलला होता तो साक्षीदार.

पुढं १८९७ च्या 'ड्रॅक्युला'त हे तंत्र पूर्ण वयात आलं: रोजनिश्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं, एवढंच काय फोनोग्राफवर बोलून ठेवलेली टिपणं. मला मात्र या सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एच. पी. लव्हक्राफ्टची १९२७ साली छापून आलेली 'पिकमन्स मॉडेल'. बॉस्टनमधला एक चित्रकार, पिकमन. त्याची राक्षसांची चित्रं इतकी जिवंत की कलाक्षेत्रातले लोक त्याला टाळायला लागलेत. तो एका जुनाट वस्तीतल्या तळघरात एकटा रंगवत बसतो. कथा सांगणारा तिथं जातो, चित्राच्या कोपऱ्याला टाचलेला एक कागद गडबडीत खिशात घालून येतो. त्याला वाटलेलं असतं, चित्रामागच्या पार्श्वभूमीचा फोटो असेल. फोटो निघतो त्या राक्षसाचाच. चित्र कल्पनेतलं म्हणून सोडून देता येतं, फोटोचं काय करणार? एकटा चित्रकार आणि नंतर हाती लागलेलं छायाचित्र ही जोडी इथं पक्की झाली. आज अशा पिक्चरांमध्ये जो कुणी कलावंत डोंगरातल्या घराचं दार उघडतो, तो या पिकमनचा नातू.

मराठीत लव्हक्राफ्टची सावली आणली नारायण धारपांनी (१९२५–२००८). त्यांच्या कादंबऱ्या आमच्याकडं एसटी स्टँडवर, लायब्ररीत, लग्नाच्या घरी गाद्यांच्या थप्पीमागं मिळायच्या. धारपांची भीती एकाकडून दुसऱ्याकडं जाते कशी त्याचाही एक नमुना आहे. स्टीफन किंगची एक आजीची गोष्ट धारपांनी मराठीत आणली. ती १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं राही अनिल बर्वेंना रात्री सांगितली. त्यातून पुढं बर्वेंचा 'तुंबाड' हा पिक्चर झाला. २०१८ ला तो आला तेव्हा थिएटरात फार चालला नाही; २०२४ ला पुन्हा लावला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला. पिक्चर तोच. मधल्या सहा वर्षांत लोकांनी तो एकमेकांना सांगितला होता.

एक आडवळण घेतो. खरे एकांतवासी कलावंत आपल्याकडं होऊन गेले. जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) धारवाडला राहिले, समारंभ टाळत राहिले, फोटोत दिसतात ते काळ्या चष्म्याआड. चित्रकार वासुदेव गायतोंडे दिल्लीत निजामुद्दीनला एका खोलीत, माणसांपासून लांब. या लोकांभोवतीही कुजबुज जमली. पण जीएंच्या मागं त्यांच्या पत्रांचे खंड आले आणि त्यातला माणूस निघाला भरभरून बोलणारा, थट्टेखोर, पानंच्या पानं लिहिणारा. सिनेमात एकट्या माणसाच्या कपाटातून नेहमी हाडं निघतात. खऱ्या कपाटांतून बहुतेक वेळा पत्रं निघतात. भयपटवाल्यांनी एकांताची ही जी बदनामी चालवलीय, ती मला कधी आवडली नाही. रात्री एकट्यानं पाणी पाजणाऱ्यालाही मग कुणी खुनी ठरवील.

कॅमेरा हातात घेतलेला पहिला मोठा एकलकोंडा मायकेल पॉवेलच्या १९६० च्या 'पीपिंग टॉम'मध्ये आहे. तो बायकांना मारतो आणि त्यांच्या चेहऱ्यावरची भीती चित्रित करून घरी एकटा बघत बसतो. लंडनच्या समीक्षकांनी पिक्चर इतका झोडपला की पॉवेलची इंग्लंडातली कारकीर्द तिथंच अडली. त्यांचा राग खुनांवर होता, असं मला वाटत नाही. तो पिक्चर सरळ म्हणत होता की खुर्चीत बसून तुम्हीही हेच करताय.

त्यानंतर वीस वर्षांनी इटलीत 'कॅनिबल होलोकॉस्ट' आला. ॲमेझॉनच्या जंगलात गेलेली फिल्मवाली मंडळी बेपत्ता, त्यांच्या फिल्मचे डबे सापडलेत, ते आता न्यूयॉर्कमध्ये लावून बघितले जातायत. दिग्दर्शक रुग्गेरो देओदातोनं नटांकडून करार करून घेतला होता की वर्षभर कुठं दिसायचं नाही. थाप इतकी पचली की पिक्चर जप्त झाला आणि खरोखरच माणसं मारली असा संशय त्याच्यावर आला. शेवटी नट जिवंत असल्याचं त्याला दाखवून द्यावं लागलं. माणसं जिवंत निघाली, जनावरं मात्र खरीच मारली होती. मी तो पिक्चर कासवाला मारतात तिथंच बंद केला. पुढं काय आहे ते मला माहीत करून घ्यायचं नाही.

आणि मग १९९९. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'. तीन पोरं चेटकिणीवर माहितीपट करायला मेरीलँडच्या जंगलात जातात, परत येत नाहीत, वर्षानं त्यांचं शूटिंग सापडतं. चित्रीकरण आठ दिवसांचं. नटांची खरी नावंच पात्रांना, कॅमेरा त्यांच्याच हातात, आणि दिवसागणिक त्यांचं जेवण कमी केलेलं, म्हणजे चिडचिड खरी यावी. प्रदर्शनाआधी 'बेपत्ता' म्हणून पत्रकं वाटली. हेदर डोनह्यू या नटीच्या आईला लोकांनी सांत्वनाची पत्रं पाठवली, पोरगी जिवंत असताना. जगभरात सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलरचा धंदा झाला. तरीही पहिल्या दिवसांत थिएटरातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांनी दिलेली श्रेणी होती सी प्लस. हलत्या कॅमेऱ्यानं काहींना उलट्या झाल्या. काहींचं म्हणणं, भूत कुठंय? तिकिटाचे पैसे घेतलेत, दाखवा ना!

मी तो बराच उशिरा बघितला, गावातल्याच एकाच्या संगणकावर. बघणारे पाचसहा जण. त्यात एक जागा आहे. पोरं दिवसभर एकाच दिशेला, दक्षिणेकडं चालतात आणि संध्याकाळी पुन्हा त्याच ओढ्यावर, त्याच आडव्या पडलेल्या ओंडक्यापाशी येतात. अमेरिकेत या प्रसंगाबद्दल काय काय लिहिलं गेलं असेल. आमच्यातला एक जण नुसतं म्हणाला, "चकवा लागला." संपलं. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. आडसाली ऊस डोक्याच्या वर गेला की त्यात शिरलेल्या माणसाला दिशा कळत नाही, हे इथं पोराटोरांना ठाऊक. चकव्यावर उपायही ठरलेले. जागेवर बसायचं, उजाडू द्यायचं. कुणी म्हणतं सदरा काढून उलटा घालायचा. त्यामुळं आमच्या बैठकीची त्या पिक्चरवरची मुख्य तक्रार भूत दिसत नाही ही नव्हतीच. तक्रार अशी की ही शिकलेली पोरं खाली बसत का नाहीत, आणि नकाशा ओढ्यात फेकणाऱ्याला बाकीच्यांनी ठोकला कसा नाही.

हिंदी भयपटात हा प्रकार २०११ साली 'रागिणी एमएमएस'नं आणला. पवन कृपलानीचा पिक्चर, आडबाजूचा बंगला, छुपे कॅमेरे, आणि प्रसिद्धीला सत्य घटनेचा हवाला. त्यातलं भूत मराठी बोलतं. आपण चेटकीण नाही असं ती बाई परत परत मराठीत सांगते. बाकी देशाला तो आवाज परका म्हणून अंगावर आला असेल. मी बघत होतो तिथं मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आयला, आपलीच हाय." सगळी रांग हसली आणि त्यानंतर मला त्या बाईची भीती वाटेना, कीव यायला लागली. गावानं चेटकीण ठरवलेली बाई दुसरं काय म्हणणार?

आता आमच्याकडं खरं फाउंड फुटेज रोज येतं, ते बिबट्याचं. ऊसपट्ट्यात बिबट्या आला ही गोष्ट आता कुणी गंमत म्हणून सांगत नाही. त्यामुळं रात्री साडेनऊला ग्रुपवर सीसीटीव्हीची क्लिप पडते: काळंपांढरं अंगण, कोपऱ्यात पळणारे आकडे, झोपलेलं कुत्रं, मग एक लांबट सावली, मग कुत्रं नाही. खाली लिहिलेलं, 'आपल्या भागात, काल रात्री.' लगेच तपासणी सुरू. मी एकदा नीट ऐकलंय. एक म्हणाला, गव्हाण बघ, अशी गोल गव्हाण आपल्याकडं बांधत न्हाईत. दुसरा म्हणाला, तारीख झाकलीय. तिसऱ्यानं चित्र दोन बोटांनी मोठं केलं, मागच्या पाटीवरची अक्षरं कानडी निघाली. सात मिनिटांत क्लिपचा निकाल लागला. पण ज्याच्या दारात दोन शेरडं होती तो काही बोलला नाही. त्यानं त्या रात्री गोठ्यावर जास्तीचा बल्ब लावला. खोटी ठरलेली क्लिपसुद्धा बल्ब लावून जाते.

तर त्या रात्री आम्ही दारं मोडून परत बाजेवर येऊन बसलो आणि पुतण्यानं पिक्चर पुढं सोडला. कुऱ्हाड पडते. आणि लगेच पडद्यावर तो मारणारा माणूस दिसतो, घरात निवांत बसून हेच शूटिंग बघत. मेलेल्या व्हिडिओवाल्याला तो विचारतो, तू एकदाही मागं वळून का बघितलं नाहीस? मग स्वतःच उत्तर देतो, तुझा माझ्यावर विश्वास होता म्हणून. उठतो, ते शूटिंग कपाटात ठेवतो. कपाट भरलेलं आहे, प्रत्येकावर नाव लिहिलेलं, वेगवेगळी नावं.

"त्यानंच ठेवलंय, तात्या," पुतण्या म्हणाला. "दुसऱ्या भागात तर तो याला आपलं काम म्हणतो. चाळिशी आली, आता पहिल्यासारखं मन लागत नाही म्हणून रडतो. कलाकार समजतो स्वतःला."

तात्यांनी विझलेली बिडी पुन्हा पेटवली.

"म्हंजे आपण आत्ता त्याच्याच घरात बसून बघत हुतो."

"हा."

"मग जमलं. आता पटतंय." पंचायतीत निकाल द्यावा तसं ते म्हणाले. थोडा वेळ मोटरीचा आवाज ऐकत बसले. "त्यो दुसरा भाग किती वेळाचा हाय? आजून अकरा सऱ्या राहिल्यात."